पाळीच्या दुखण्यावरचा योग पाळी नसताना करायचा असतो

पाळीचा पहिला दिवस. ओटीपोटात कळा सुरू झाल्या, कंबर धरली, पोटऱ्या ओढायला लागल्या. मग मोबाईलवर आसनं शोधायची, चटई टाकून दोन-चार करून बघायची, आणि अर्ध्या तासात फरक पडला नाही की ‘योगाबिगाने काही होत नाही’ म्हणून मेफ्टलची वेदनाशामक गोळी घेऊन झोपायचं. बऱ्याच मुलींचा योगाशी आलेला संबंध इथेच संपतो. यात चूक वेळेची आहे. दुखणं ऐन भरात असताना आसनं आराम देतात, पण दुखणं कमी व्हायचं असेल तर खरं काम त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत करावं लागतं. पाळीच्या दिवसांत करायचं ते वेगळं आणि एरवी करायचं ते वेगळं. या दोन्हींची सरमिसळ झाली की काहीच हाती लागत नाही.

दुखतं ते नेमकं कशाने

पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. ते उतरलं की गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो आणि कळ उठते. हीच रसायनं रक्तातून इतरत्र पोचली की मळमळ, जुलाब, डोकेदुखी सुरू होते. ‘काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असशील’ हे घरचं निदान त्यामुळे बहुतेक वेळा चुकीचं असतं.

असं दुखणं रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या काही तास आधी सुरू होतं, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. पाळी नव्याने सुरू झालेल्या मुलीला पहिले काही महिने फारसं दुखत नाही, कारण तेव्हा अनेकदा बीज सुटतच नाही. चक्र स्थिरावलं, बीज नियमित सुटायला लागलं की दुखणं सुरू होतं. आधी ठणठणीत असलेली चौदा वर्षांची मुलगी एकदम पोट धरून बसली की आई घाबरते, पण बहुतेक वेळा कारण एवढंच असतं.

आसनांनी प्रोस्टाग्लँडिन बंद होतात असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आसनं काम करतात ती मूळ दुखण्यावर चढलेल्या थरावर. कळ येणार या धास्तीने पोट, जांघा, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरले जातात. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. दिवसभर अभ्यासिकेत खुर्चीवर बसणाऱ्या मुलींच्या मांड्यांचे आणि जांघांचे स्नायू आधीच आखडलेले असतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दहा-दहा तास बसणाऱ्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. हा थर उतरवता येतो, पण तो एका दुपारी उतरत नाही.

पुरावा काय सांगतो? वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाळीच्या वेदनांवर व्यायामाचा परिणाम बघणाऱ्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये काढला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला तर १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर दुखणं साधारण २५ मिलिमीटरने कमी होऊ शकतं, असं त्यात दिसलं. अभ्यास लहान आहेत आणि पुरावा अजून कच्चा आहे, हेही त्यातच म्हटलं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत १८ ते २२ वयाच्या ९२ मुली होत्या. त्यांतल्या एका गटाने फक्त तीन आसनं केली: भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन. तीही पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, म्हणजे बीज सुटल्यानंतरच्या काळात. त्यांच्या वेदनेची तीव्रता आणि कालावधी दोन्ही कमी झाले. या चाचणीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट आसनांच्या नावांपेक्षा ती करण्याचा काळ ही आहे.

पाळी नसतानाचा अभ्यास

रक्तस्राव पूर्ण थांबल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत आठवड्यातून तीन-चार दिवस ४५ मिनिटं द्यावीत. सहा सूर्यनमस्कार सावकाश, मग त्रिकोणासन आणि पार्श्वकोनासन भिंतीला पाठ लावून, मग खालची आसनं आणि शेवटी दहा मिनिटं शवासन. चक्राचा दुसरा अर्धा, म्हणजे पुढच्या पाळीआधीचा पंधरवडा, सुरू झाला की मार्जार, भुजंग आणि मत्स्य ही तीन आसनं रोज करावीत, पंधरा-वीस मिनिटांत होतात. दिवस काटेकोर मोजत बसायची गरज नाही. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचं चक्र सामान्य मानलं जातं, त्यामुळे मोजणी चुकतेच. पाळी अनियमित असेल तर रक्तस्राव नसलेल्या सगळ्या दिवसांत करावीत.

मार्जारासनात मनगटं खांद्यांखाली आणि गुडघे कमरेच्या सांध्यांखाली हवेत. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. श्वास घेताना पोट जमिनीकडे सोडायचं, सोडताना पाठ वर गोल करायची. दहा ते बारा वेळा, एका फेरीला सात-आठ सेकंद. बहुतेकींचं होतं असं, की मान जोरात वर-खाली होते आणि कंबर जागची हलत नाही. ज्या भागाला हालचाल हवी तोच सुटतो. म्हणून सुरुवात माकडहाडापासून करावी: आधी माकडहाड वर, मग कंबर, मग छाती, डोकं सर्वांत शेवटी.

भुजंगासनात तळवे छातीच्या बाजूला, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, बेंबी जमिनीवर. छाती पाठीच्या ताकदीवर उचलायची, पाच सावकाश श्वास थांबायचं, खाली यायचं. असं तीन ते पाच वेळा. फोटोत चांगलं दिसतं म्हणून हात सरळ करून वर ढकललं की खांदे कानांपर्यंत जातात आणि सगळा वाक कमरेच्या एकाच मणक्यात घुसतो. दुसऱ्या दिवशी कंबर दुखते आणि दोष पाळीला जातो. स्वतःची उंची ओळखायची सोपी युक्ती आहे: वर गेल्यावर तळवे जमिनीपासून बोटभर उचलून बघा. छाती जिथे टिकते तिथेच थांबायचं.

मत्स्यासन करताना पाय सरळ, तळवे पार्श्वभागाखाली, भार कोपरांवर. छाती उचलून टाळू जमिनीला नुसती टेकवायची, तिच्यावर वजन द्यायचं नाही. वीस सेकंद पुरेत. मानेचा त्रास असेल किंवा मायग्रेन असेल तर हे सोडून द्यावं, त्याऐवजी खांद्यांच्या पात्यांखाली आडवी उशी घेऊन पाच मिनिटं पडावं, डोक्याखाली वेगळी घडी ठेवून. छाती तेवढीच उघडते.

यांच्या जोडीला बद्धकोनासन. भिंतीला पाठ लावून, बुडाखाली तीन-चार बोटं जाडीची घडी घेऊन बसायचं, तळपाय एकमेकांना जोडायचे, तीन मिनिटं. गुडघे हातांनी खाली दाबायचे नाहीत. गुडघे वर राहत असतील तर ते बुडाखालची घडी कमी पडल्याचं लक्षण आहे, ती वाढवावी. सर्वांगासन, विपरीत करणी येत असेल तर याच दिवसांत करावी. कपालभाती, नौकासनही याच दिवसांत.

पाळीचे पहिले दोन दिवस

इथे बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवलेल्या योगपद्धतीचा उल्लेख करायलाच हवा, कारण पाळीतल्या अभ्यासाचा इतका बारकाईने विचार क्वचितच कुठे झाला असेल. पुण्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत त्यांची मुलगी गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी स्त्रियांच्या अभ्यासक्रमावर आयुष्यभर काम केलं. पाळी आलेल्या मुलींनी वर्गात यायचंच नाही असा तिथे प्रकार नाही. त्यांनी यायचं आणि त्यांच्यासाठी ठरवलेला वेगळा क्रम करायचा. लोड, खुर्ची, पट्टा, घोंगडी यांचा आधार घेऊन शरीर सैल सोडायचं, ताकद लावायची नाही, हे त्या क्रमाचं सूत्र.

पाळीत शीर्षासन-सर्वांगासन करू नये हा त्या परंपरेचा नियम आहे. उलटं झाल्याने इजा होते असा ठोस वैद्यकीय पुरावा नाही. चुकून केलं तर घाबरायचं कारण नाही. तरीही हा नियम पाळावा असं आमचं मत आहे, कारण थकलेल्या शरीराला त्या दिवशी त्या आसनांची गरज नसते. कपालभाती, अग्निसार, उड्डियान, मूलबंध, नौकासन, पोटाला पीळ देणारी आसनं मात्र नक्की टाळावीत. ती ओटीपोट आवळतात आणि आपल्याला ते सोडायचं असतं.

सुप्त बद्धकोनासन हे या दिवसांतलं सर्वांत उपयोगी आसन, आणि सर्वांत जास्त बिघडतं तेही हेच. लोड जमिनीवर पाठीच्या रेषेत लांबीने आडवा ठेवा. त्याच्या टोकाला कंबर टेकेल असं जमिनीवर बसा. बूड लोडावर चढवायचं नाही. तळपाय जोडा. सुती ओढणीचा फास कमरेच्या मागून माकडहाडावरून घेऊन मांड्यांच्या आतून तळपायांभोवती आणा आणि बाजूला गाठ मारा, म्हणजे पाय घसरत नाहीत. दोन्ही गुडघ्यांखाली उशा. मग हातांच्या आधाराने मागे पडा. डोक्याखाली घडी इतकी हवी की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. आठ ते दहा मिनिटं.

कंबर चिमटली तर लोड फार उंच आहे: पातळ उशी घ्या किंवा बुडाखाली एक घडी सरकवा. जांघेत ओढ बसली तर गुडघ्यांखालच्या उशा कमी पडल्या आहेत. या आसनात ताण जाणवायलाच नको, ताण म्हणजे स्नायू पुन्हा आवळले. डोकं जड झालं, घसा ताणला गेला तर डोक्याखालची घडी वाढवा. उठताना सरळ उठू नये. हातांनी गुडघे जवळ घेऊन कुशीवर वळावं, मग बसावं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. डाग पडेल या भीतीने मुली या आसनात सगळा वेळ मांड्या आणि खालचे स्नायू धरून ठेवतात. बाहेरून आसन बरोबर दिसतं, आतून काहीच सुटत नाही. लोडावर जुनी गडद रंगाची चादर अंथरा, पॅड नुकतं बदललेलं असू द्या, जीन्स काढून सैल पायजमा घाला, सलवारीची नाडी ढिली करा. आसनाचा निम्मा गुण या तयारीत आहे.

त्यानंतर अधोमुख वीरासन: गुडघे फाकवून, अंगठे जुळवून बसायचं, मांड्यांच्या मध्ये लोड घेऊन त्यावर पोट-छाती टेकवून पडायचं. मान एका कुशीला, निम्म्या वेळाने दुसऱ्या. पाच मिनिटं. बूड टाचांना टेकत नसेल तर मधे घडी भरावी. अधांतरी राहिलं तर कंबर भार धरून ठेवते. गरम पाण्याची पिशवी लोड आणि ओटीपोट यांच्या मध्ये ठेवली तर दोन्हींचा एकत्र उपयोग होतो. पिशवीत उकळतं पाणी भरू नये, वर टॉवेल गुंडाळावा.

कंबरदुखी जास्त असेल तर पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात, बूड जमिनीवर. दहा मिनिटांत कमरेचे स्नायू सोडलेले जाणवतात. ज्यांना उभं राहवतं त्यांनी भिंतीला पाठ लावून अर्धचंद्रासन करून बघावं. उजवा पाय भिंतीपासून वीतभर पुढे, उजवा हात स्टुलावर, डावा पाय जमिनीला समांतर उचलून टाच भिंतीला दाबलेली, छाती आणि पोट समोर उघडलेलं. वीस-तीस सेकंद, मग दुसरी बाजू. ओटीपोटाला एकदम मोकळं वाटतं, कळा तुटतात. चक्कर येत असेल तर याच्या वाटेला जाऊ नये.

श्वासाचं साधं ठेवा. चार अंकांत श्वास घ्या, सहा अंकांत सोडा, पाच मिनिटं. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. कळ येते त्या क्षणी आपोआप श्वास रोखला जातो. नेमकं तेव्हाच तो लांब सोडायचा, हळू ‘मम्म’ असा आवाज करत सोडला तर रोखला जात नाही. पाळी नसताना रोज सराव असेल तरच हे ऐन वेळी जमतं.

हॉस्टेलवर लोड कुठून आणायचा? गादीवरची दुलई किंवा ब्लँकेट घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी ओढणीने बांधा. साधारण तीन फूट लांब आणि एक वीत जाड झालं की काम होतं. सैल गुंडाळी मधेच बसते आणि पाठ वाकडी होते, म्हणून घट्ट. बेडवर करू नका, स्प्रिंग किंवा कापसाची मऊ गादी कंबर खाली खचवते. जमिनीवर सतरंजी टाका. जेवणानंतर तीन तास हा एरवीचा नियम या दिवशी ताणू नये. मऊ भात किंवा पेज खाऊन तासाभराने पडून करायची आसनं चालतात. उपाशीपोटी मळमळ वाढते.

गोळी आणि डॉक्टर

योग करणाऱ्या मुलीने गोळी घ्यायची नाही, असा एक खोटा अभिमान पसरला आहे. तो सोडावा. प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन, दुखणं सुरू होताच घेतल्या तर चांगलं काम करतात. कळा शिगेला पोचल्यावर घेतल्या तर उशीर झालेला असतो. खाल्ल्यावरच घ्याव्यात. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सूचना काढली होती. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दाखवावं. मेडिकलवाल्याकडून मैत्रिणीच्या नावावर पट्टी घेणं याचसाठी नको.

आणखी एक तपासणी सगळ्याच मुलींनी करावी: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १२ च्या खाली हिमोग्लोबिन असलेली मुलगी आसनांनी दमते आणि दोन आठवड्यांत सोडून देते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) दप्तरात पडून राहू देऊ नये. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर उत्तम.

आणि काही दुखणी आसनांची नाहीतच. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, गोळीनेही न थांबणारी वेदना, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणं, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणं, ताप, वास येणारा स्राव: यांपैकी एकही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. पाळी चुकली असून एका बाजूला जोरात दुखत असेल, गर्भ राहण्याची शक्यता असेल तर त्याच दिवशी जावं. प्रजननवयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असतो आणि तो कळायला अनेकदा वर्षं जातात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. दुखणं वेळेत न तपासण्याचं दुसरं टोक महाराष्ट्राने २०१९ मध्ये बीडमध्ये पाहिलं. तिथल्या ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढल्याचं तेव्हा उघड झालं, त्यांत तरुण बायकाही होत्या. तपासणी आणि साधे उपचार सोडून थेट पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायलाच हवं.

यासाठी एक वही ठेवा. पाळीची तारीख, दुखण्याला ० ते १० पैकी आकडा, किती पॅड, किती गोळ्या, कॉलेज बुडलं का, त्या महिन्यात किती दिवस आसनं झाली. किमान तीन पाळ्या नोंद ठेवल्याशिवाय योगाचा उपयोग झाला की नाही हे ठरवू नये, कारण एखादी पाळी आपोआपच सोपी जाते. आकडा आठवरून पाचावर आला आणि गोळ्या चारवरून एकावर आल्या, तर अभ्यास चालू ठेवावा. नेमाने करूनही आकडा हलत नसेल तर ती वही डॉक्टरांकडे न्यावी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिऑसिस नाही असं होत नाही, सुरुवातीचे लहान ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही’ म्हणून परत पाठवलं तर वहीतले आकडे पुढे ठेवून पुढची तपासणी कोणती, हे तिथेच विचारावं.